आठवड्याचं वाक्य

मेव्हणीच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं नाही. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि चष्मा काढायला हात घातला की रोज बोटांना लागायचं. लागलं की अण्णा मनाशी म्हणत, आज लिहू. आणि चष्मा डोळ्यांवर चढवून दुसरंच काहीतरी वाचत बसत.

पत्र तसं लहान होतं. 'भावजी, ताई कशी आहे? फोनवर चिऊ म्हणाली, बरी आहे. पण ज्या घाईने म्हणाली, त्यावरून मला ते पटलं नाही. मी येऊ का? तिला विचारू नका, ती नाहीच म्हणेल. काय असेल ते तुम्ही खरं कळवा.'

आता खरं काय, हे अण्णांना तरी कुठे ठाऊक होतं? आतड्याला सूज आहे, औषधं चालू आहेत, वेळ लागेल, असं थोरल्या मुलाने दवाखान्यातून परतताना गाडीत सांगितलं होतं. डॉक्टर इंग्रजीत बोलायचा आणि थोरला ते आईला, म्हणजे माईला, आपल्या भाषेत सांगायचा. डॉक्टर कितीही वेळ बोलला तरी थोरल्याच्या तोंडून दोनच वाक्यं बाहेर पडत. माई त्यावर हसायची. म्हणायची, "विम्याच्या कंपनीतला माणूस. देताना हात आखडणारच."

शिवाय दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. वडील धाकटीकडे अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. धाकटी दर पत्रात लिहायची, बाबा ठीक आहेत. माई सवडीने, बॅग भरून, वडिलांसाठी नवा गरम सदरा घेऊन पोचली, तेव्हा त्यांची खाट दुमडून भिंतीला टेकवलेली होती. कधीपासून कळलं होतं तुला, एवढंच माईने विचारलं. पावसाळ्यापासून, पण तुला कशाला उगीच घोर, असं धाकटी म्हणाली. त्या दिवसापासून माई तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. तिच्या मुलाच्या लग्नालाही अण्णा एकटेच जाऊन आले होते. अशा बायकोपाशी त्या बहिणीचं नाव कोण काढणार? अण्णा तर मुळीच नाही. जन्मात ते कुणाशी वाद घालून जिंकले नव्हते, म्हणून वाद होईल अशा प्रत्येक गोष्टीला ते आधी कोटाच्या खिशात जागा करून देत.

अण्णांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. स्वतः राहत होते त्या तीन मजली इमारतीत मात्र लिफ्ट नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या ज्या शहरात मुलं लहान असताना येऊन राहिले तिथेही त्यांचं भाषेवाचून अडलं नाही, कारण लिफ्टचं दुखणं कानाने ओळखायचं असतं. निवृत्त झाल्यावर माईनेच त्यांना घराबाहेर ढकललं. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसता, त्यापेक्षा जा कुठेतरी, असं म्हणून तिने त्यांना मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, शाळेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर वर्ग भरे. बाकं लहान मुलांची होती. अण्णांचे गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून ते पाय बाहेर काढून बसत आणि येणारा-जाणारा त्यांना अडखळे. मुलांना याचा पत्ता नव्हता. अण्णा कुठे आहेत असं फोनवर विचारलं की माई सांगायची, जुन्या लिफ्टना तेल घालायला गेलेत.

घरी आले की त्यांनी तिला सगळं सांगायचं असा शिरस्ता होता. त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांना माई न बघताच ओळखायची: रात्रपाळी करणारा बेकरीवाला, इमारती झाडणारी दोन मुलांची आई, बसचालक, आणि अण्णांच्या मुलीपेक्षा, चिऊपेक्षाही, लहान असलेली शिक्षिका.

या शिक्षिकेची एक पद्धत होती. दर गुरुवारी प्रत्येकाने बाहेर कानावर पडलेलं आणि न समजलेलं एक वाक्य आणायचं. अर्थ कळला नाही तरी चालेल, लिहिताना चुकलं तरी चालेल. ते फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून सोडवायचं. त्याला ती आठवड्याचं वाक्य म्हणे. बेकरीवाल्याने एकदा एका गिऱ्हाइकाचं वाक्य मोठ्या कौतुकाने आणलं होतं. ते सोडवल्यावर निघालं की गिऱ्हाइकाने त्याला बहिरा गाढव म्हटलं होतं. बेकरीवाला स्वतःच एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

अण्णांना बाहेरची वाक्यं मिळत नसत. त्यांना इंग्रजी ऐकू येई ते घरी, जेवणाच्या टेबलावर. म्हाताऱ्यांच्या कानावर जायला नको असं काही असलं की मुलं इंग्रजीत बोलत. शाळेत होती तेव्हा मार्कांबद्दल बोलत, पुढे चिऊच्या त्या मोटारसायकलवाल्याबद्दल. इंग्रजी सुरू झालं की माई उठायची, म्हणायची, "चला, आपल्याला हात धुवायला सांगतायत." राग कुणाला नसायचा. पडदा ओढावा तशी ती घरातली एक सवय होती. पडद्यालाही आता कान आहेत हे मुलांना माहीत नव्हतं, एवढंच.

त्या रविवारी माई आत पाणी आणायला गेली असताना थोरला चिऊकडे वाकून काहीतरी म्हणाला. अण्णांना सगळं वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, लिफ्टच्या दाराची कुरकुर ऐकू यावी तसं. त्यातला 'उन्हाळा' त्यांना ओळखू आला, कारण ऋतू नुकतेच शिकून झाले होते. 'सांगायचं नाही' हेही कळलं. अण्णांनी हिशेब जुळवला. उन्हाळ्यात मुलं कुठेतरी सहलीला नेणार आणि ते आपल्यापासून लपवून ठेवलंय. औषधाच्या खोक्याचा कागद फाडून त्यांनी वाक्य जसं ऐकलं तसं आपल्या अक्षरांत उतरवलं आणि खुशीत चार दिवस काढले.

गुरुवारी त्यांनी स्वतःहून पहिला नंबर लावला. फळ्यावर इंग्रजी अक्षरांत जमेल तसं लिहिलं आणि सांगितलं की वाक्य घरचं आहे, मुलं सहलीला नेणार आहेत, कुठे ते तेवढं कळायला हवं. वर्ग हसला. शिक्षिकाही हसत फळ्याकडे वळली आणि मनाशी पुटपुटत वाचू लागली. मग तिचं पुटपुटणं थांबलं.

ती म्हणाली की हे वाक्य जरा अवघड आहे, पुढच्या वेळी बघू. अण्णांना वाटलं, आपलं लिहिणं चुकलं. त्यांनी वाक्य तोंडाने म्हणून दाखवलं, थोरल्याच्या चढउतारांसकट. आता ते वर्गाला स्पष्ट ऐकू आलं. झाडणाऱ्या बाईने मान खाली घातली. शिक्षिका दुसरं कुणी वाक्य आणलंय का विचारत होती, पण बेकरीवाल्याला पहिल्यांदाच सगळ्यांआधी उत्तर आलं होतं. तो उभा राहिला आणि अण्णांना समजेल अशा, वर्गातल्या सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला,

"आजारी बाई. उन्हाळा येतो. बाई नाही. म्हाताऱ्याला सांगू नका."

आणि मग त्यालाही कळलं आणि तो खाली बसला.

अण्णांनी आभार मानले. ते तसे नेहमीच मानत. फळा त्यांनी स्वतः पुसला, कोपऱ्यापर्यंत, आणि डस्टर जागेवर ठेवलं. शिक्षिका त्यांच्यामागून जिन्यापर्यंत आली. तिला येत होते ते शब्द अण्णांना येत नव्हते.

घरी माईने दार उघडलं आणि विचारलं, आज काय काय झालं. अण्णा म्हणाले, "टीचर आल्या नव्हत्या."

*

पुढच्या रविवारी सगळे आले. थोरला, त्याची बायको आणि चिऊ. माई औषध घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. दार लोटलेलं होतं. अण्णा टेबलाच्या एका टोकाला जुना रेडिओ उघडून बसले होते, हाताला काहीतरी हवं म्हणून.

थोरल्याने ठरवूनच आणलं होतं. माईला पुढच्या रविवारी त्याच्या घरी न्यायचं. तळमजला आहे, पलंग लावून झालाय. तिला सांगायचं की जिने चढवत नाहीत म्हणून. चिऊ म्हणाली की मावशीचा पुन्हा फोन आला होता, येऊ का म्हणून विचारत होती, आणि येऊ दे ना दादा, एकदा भेटतील. थोरल्याने नाही म्हटलं. इतक्या वर्षांनी मावशी दारात दिसली की माई काय समजायचं ते समजेल. चिऊने काहीतरी म्हटलं, आणि तिथून इंग्रजी सुरू झालं. सून उठून कप गोळा करू लागली. थोरला हलक्या आवाजात बोलत होता. अण्णांना त्यातलं निम्मं कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"उन्हाळा ती बघणार नाही," ते इंग्रजीत म्हणाले. कापडावर स्क्रू मांडावेत तसे शब्द एकेक करून ठेवत. "मला ठाऊक आहे."

 सुनेच्या हातातले कप एकमेकांवर वाजले.

मग थोरला आपल्या भाषेत म्हणाला, "कुणी सांगितलं?" आणि बहिणीकडे बघितलं. चिऊने जोरात मान हलवली.

"तूच," अण्णा म्हणाले. "याच खुर्चीवर बसून."

इंग्रजी कुठून शिकलात, किती दिवसांपासून ऐकताय, आमचं सगळं बोलणं असं चोरून ऐकत होतात का, असं थोरल्याने बरंच विचारलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. सवयीने आपल्याच घरात कपडे बदलावेत आणि खिडकी उघडी असल्याचं कळावं, तसं त्याला झालं असावं. चिऊ मात्र हुंदका देऊन म्हणाली की बरं झालं, मला रोज वाटायचं तुम्हाला सांगावं. तिने अण्णांचा हात धरला. अण्णांना वाटलं, चला, आपल्या बाजूने एक तरी आहे.

"मी तिला सांगणार आहे," ते म्हणाले.

"मग सांगा," थोरला म्हणाला. "पण आधी ऐका. डॉक्टरने मला एकट्याला आत बोलावून फोटो दाखवला. मी बाहेर आलो. माई बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. मी म्हटलं, सूज आहे. ती म्हणाली, सुटले रे बाबा, मला भलतंच वाटत होतं. तिचा तो चेहरा मी बघितलाय, अण्णा. तुम्ही गाडी आणायला गेला होतात. तो चेहरा आता मी पुसू? की तुम्ही पुसणार?"

 थोरला पुढे म्हणाला की कळलं तर ती खाणं सोडेल, तिला मी ओळखतो. आहेत ते दिवस हसत जाऊ देत. हे ओझं मी पावसाळा संपल्यापासून एकटा वाहतोय, मी काही कुणाकडे रडत आलो नाही.

चिऊचा हात अण्णांच्या हातातून हळूच निघाला. ती म्हणाली, "दादाचं बरोबर आहे. तिच्यासमोर मला उभं राहता येणार नाही, अण्णा. ती माझ्याकडे बघेल ना."

तेवढ्यात सून बोलली. या घरात ती फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर नवऱ्याच्या बाजूने. ती म्हणाली की मला विचाराल तर सांगून टाकावं.

"तुला कुणी विचारलं नाही," थोरला म्हणाला.

"आजारी आहे तिला तरी कुणी विचारलं?" सून म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पुष्कळ बोलणं झालं. अण्णांनी माईच्या वडिलांची आठवण काढून बघितली, ती दुमडलेली खाट. थोरला म्हणाला की ते वेगळं होतं, तिथे वडील गेले होते, इथे तिचं स्वतःचं आहे. अण्णांना वाटलं की म्हणूनच तर. पण हे 'म्हणूनच' पुढे कसं न्यायचं ते त्यांना जमेना. थोरला थकलेला दिसत होता, कानशिलावर पांढरे केस आले होते, आणि एवढासा असताना तो जिन्यात बसून आपली वाट बघायचा हे अण्णांना उगीचच आठवलं. शेवटी ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

थोरल्याने डोळे मिटून श्वास सोडला. पुढचा रविवार ठरला. माई उठली तेव्हा सगळे हवापाण्यावर बोलत होते. जिन्यांचं तिला सांगितलं गेलं. ती म्हणाली, "बघू," आणि सुनेला विचारलं, तुझे डोळे का गं लाल?

*

मुलं गेल्यावर अजून उजेड होता. माई खिडकीशी खुर्चीवर बसली, पायांवर शाल घेऊन.

"अहो, हल्ली शाळेतलं काही सांगत नाही तुम्ही," ती म्हणाली. "टीचर नव्हत्या तरी बेकरीवाल्याने काहीतरी आणलंच असेल ना?"

अण्णांनी बसचालकाचं एक वाक्य सांगितलं, जुनंच. ती म्हणाली, हे झालंय सांगून. त्यांनी तिला पाणी हवं का विचारलं. तिने नको म्हटलं.

"आणि तुम्ही काय नेलं होतं?"

बायकोला चाळीसहून जास्त वर्षं ओळखणारा माणूस तिच्यापाशी एकदा खोटं बोलू शकतो. दुसऱ्यांदा बोलायला वेगळा हुशारपणा लागतो, तो अण्णांजवळ नव्हता. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि त्यांनी वाक्य सांगितलं. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. कुणी म्हटलं, कुठे म्हटलं, आपण त्याचा काय अर्थ लावला, फळ्यावर कसं लिहिलं, सगळं. मध्ये कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते.

माई खाली रस्त्याकडे बघत राहिली. कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"म्हणजे बेकरीवाल्याला माझ्याआधी कळलं," ती म्हणाली.

"हो."

"बिचारा." मग त्यांच्याकडे वळून, "आज इथे सगळे त्यासाठीच जमले होते?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणालो."

माईने मान हलवली, जसं काही हे उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिने शाल पायांवरून छातीपर्यंत ओढून घेतली.  तिने विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे. अण्णांनी सांगितलं की डॉक्टर, मुलं, सून, वर्ग. मग त्यांनी कोटाच्या खिशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने चष्म्याशिवायच अक्षर ओळखलं. त्यांचा चष्मा मागून घेतला आणि पत्र दोनदा वाचलं.

"कधी आलं हे?"

"थंडी पडायच्या आधी."

"थंडी पडायच्या आधी," ती म्हणाली. "तेव्हा मी जिना उतरून भाजी आणत होते. तेव्हा ती आली असती तर मी तिला स्टेशनवर आणायला गेले असते." तिने चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा."

अण्णांनी काही तरी म्हणायला तोंड उघडलं. मला माहीत नव्हतं, तुला राग येईल वाटलं, असलं काहीतरी. ती ऐकायला थांबली नाही. भिंतीला धरत आत गेली, आणि आतून दार लावून घेतलं. लग्न झाल्यापासून तिने त्यांच्यावर कधी दार लावलं नव्हतं. अण्णा बाहेर खुर्चीत बसून राहिले. तिच्या खोकल्याचा आवाज येई तेव्हा त्यांना भीती वाटे, आणि येत नसे तेव्हा जास्त.

सकाळी ती टेबलाशी बसलेली होती. समोर कोरा कागद, पाकीट आणि पेन. डोळे सुजले होते, वेणी मात्र घातलेली होती.

"लिहा," ती म्हणाली. "माझा हात हलतो."

अण्णांनी पेन घेतलं. मायना काय घालू विचारलं. ती म्हणाली, मायना नको, ती मायना वाचत बसणारी नव्हे.

"लिहा. भावजींनी उत्तर दिलं नाही, त्याला मी आहे, बोलून घेईन. मला कळलं आहे. उन्हाळा दिसणार नाही म्हणतात. तू ये. पत्र मिळेल त्या दिवशी नीघ, आवराआवर करत बसू नकोस. मुलांना फोन करू नकोस, ती नाही म्हणतील. बाबांचं मी विसरलेले नाही. भांडण आहे ते आहे. पण ते समोर बसून भांडू, तेवढे दिवस आहेत." ती थांबली. "लिहिलंत?"

"लिहिलं."

"समोर बसून, हे लिहिलंत?"

अण्णांनी कागद तिच्याकडे वळवला. तिने खाली सही केली, वेडीवाकडी, पण पूर्ण. मग म्हणाली की थोरल्याकडे मी जाणार नाही, मरायचंय ते माझ्या जिन्यांवर. त्याला मीच सांगेन. तुम्ही नका सांगू, तुमच्यासमोर त्याला रडता येत नाही, लहानपणापासून.

"मी टाकून येतो पत्र," अण्णा म्हणाले.

"तुम्ही नको. तुमच्या खिशांचा मला भरवसा नाही."

तिने कोट मागितला. अण्णा नाही म्हणणार होते, थंडी आहे, तीन मजले आहेत, डॉक्टर काय म्हणेल. मग त्यांनी कोट आणून तिच्या मागे धरला. बाह्या शोधायला तिला वेळ लागला. अंगावर तो कोट एखाद्या मोठ्या बहिणीचा असावा तसा सैल झाला होता.

प्रत्येक मजल्यावर ती पायरीवर बसली. खालच्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून बघून गेले. बसली की ती पाकीट मांडीवर ठेवी आणि त्यावर दोन्ही हात. अण्णा एक पायरी खाली उभे राहत, ती घसरलीच तर आपण आडवे असावं म्हणून.  राग गेलेला नव्हता. तिचा हात त्यांच्या दंडावर होता तो आधारासाठी, आणि अण्णांनाही तेवढं कळत होतं.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. तिच्यापर्यंत चालायला माईला पूर्वी चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागे. आता रस्त्यावरची माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती. पेटीशी पोचल्यावर तिने पेटीलाच टेकून दम खाल्ला. मग पाकीट फटीत घातलं, पण सोडलं नाही. तसंच धरून ठेवलं, बोटं पांढरी होईपर्यंत. अण्णांना वाटलं, आता परत घेईल. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मग तिने सोडलं.

"पडलं का?" तिने विचारलं.

"पडलं," अण्णा म्हणाले.